लिनक्स बसवून झालं, आता ते कामाला लावू या

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. वणी, दिंडोरी, कळवण या पट्ट्यात घराघरांत जे लॅपटॉप आहेत, त्यांतले पुष्कळसे नाशिकहून आणलेले सेकंड हँड आहेत. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, पण बाकी यंत्र ठणठणीत. अशा यंत्रांवर लिनक्स टाकणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. चोरून चालवलेल्या विंडोजपेक्षा तर तो शंभर पटींनी बरा.

अडचण त्यानंतर येते. लिनक्स बसायला अर्धा-पाऊण तास लागतो, स्क्रीन छान दिसते, आणि पंधरा दिवसांनी तोच लॅपटॉप पुन्हा दुकानात जातो. कारण विचारावं तर उत्तर ठरलेलं: मराठी टाइप होत नाही, प्रिंट निघत नाही. या दोन्ही गोष्टी लिनक्सवर होतात, फक्त त्या लावून घ्याव्या लागतात. दुकानदार बहुधा त्या लावून देत नाही, कारण त्याचं काम इन्स्टॉलपाशी संपलेलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी दोन-तीन तास मोकळे काढा आणि पुढची कामं सांगितलेल्या क्रमाने करा. मी इथे लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई आवृत्ती धरून लिहितो आहे. कमी रॅमच्या यंत्राला ती मानवते आणि तिची बहुतेक सगळी कामं माउसने होतात. उबंटू असेल तर नावं थोडी बदलतील, क्रम तोच राहील.

आधी इंटरनेट. काही लॅपटॉपवर, विशेषतः ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असलेल्यांवर, लिनक्स बसवल्यावर वायफायचं चिन्हच दिसत नाही. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट वायफायशिवाय नाही, असा तिढा पडतो. तो फोन सोडवतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफाय कार्ड चालो न चालो, नेट लगेच सुरू होतं. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. वायफायसाठी किंवा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी काही सुचवलेलं असेल तर ज्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलं आहे तेच निवडा आणि यंत्र एकदा बंद करून चालू करा. तिथे काहीच दाखवत नसेल तर खूश व्हा, सगळं आधीच चालू आहे.

नेट मिळालं की घड्याळ बघा. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असतो. तो संपलेला असेल आणि लॅपटॉपची बॅटरीही गेलेली असेल, तर दर वेळी वीज गेली की यंत्राची तारीख काही वर्षं मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो आणि माणूस लिनक्सला दोष देतो. सेल स्वस्त असतो, बदलून घ्या. तारीख बरोबर पण वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकते, असं झालं तर कारण वेगळं आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर असले की हा घोळ होतो. विंडोज यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, तर लिनक्स ग्रीनिचची जागतिक वेळ धरतं, आणि दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर आहे. लिनक्सला ‘टाइमडेट-सीटीएल’ या आज्ञेने स्थानिक वेळ धरायला सांगता येतं. लॅपटॉप लावून देणाऱ्याकडून तेवढी एक ओळ चालवून घ्या. दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांनी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या भागातल्या फाइली फक्त वाचता येतात, त्यांत बदल करता येत नाही.

आता अपडेट. खालच्या पट्टीवर ढालीचं चिन्ह असतं, ते म्हणजे अपडेट मॅनेजर. पहिल्यांदा उघडल्यावर तो जवळचा सर्व्हर निवडायचा का, असं विचारतो. हो म्हणा. वेगानुसार सर्व्हरची यादी लागते, त्यातला वरचा निवडला की काम बरंच लवकर आटोपतं. पहिल्या वेळी काही शे एमबीपासून एक जीबीपेक्षाही जास्त डेटा लागू शकतो. फोनच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे करणार असाल तर रात्री बाराच्या आत उरलेला डेटा त्याला द्या, किंवा वायफाय असलेल्या नातेवाइकाकडे लॅपटॉप घेऊन जा. अर्ध्यात वीज गेली तर? पुढच्या वेळी अपडेट मॅनेजर उरलेलं काम बहुधा स्वतःच पूर्ण करतो. तरीही बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर, संध्याकाळच्या भारनियमनाच्या वेळी किंवा परतीच्या पावसात विजा चमकत असताना अपडेट लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घेतल्याशिवाय राहू नका.

अपडेट झाल्यावर लगेच टाइमशिफ्ट उघडा. हे साधन संपूर्ण सिस्टिमची प्रत घेऊन ठेवतं. पुढे काही बिघडलं, एखादं अपडेट अंगाशी आलं, मुलांनी काही उडवलं, तर काही मिनिटांत आधीच्या अवस्थेत परत जाता येतं. अगदी यंत्र सुरूच होत नसेल तरी ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवलं, त्यावरून सुरू करून टाइमशिफ्ट चालवता येतं. म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नका. पहिली प्रत सहज दहा-बारा जीबी जागा घेते. १२० जीबीची एसएसडी असेल तर आठवड्याला एक, अशा दोनच प्रती ठेवा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, कारण इथेच लोकांचं नुकसान होतं. टाइमशिफ्ट तुमच्या स्वतःच्या फाइली जपत नाही. फोटो, हिशेब, अर्ज, मुलांचे प्रकल्प हे सगळं ‘होम’ फोल्डरमध्ये असतं आणि टाइमशिफ्ट ते मुद्दाम वगळतं. त्यांची प्रत वेगळी काढावी लागते. मिंटमध्ये त्यासाठी बॅकअप टूल आहे. बाहेरची हार्ड डिस्क किंवा चांगल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह लावा आणि ठरावीक दिवशी प्रत घ्या. द्राक्षबागायतदाराला दिवस ठरवणं सोपं आहे: खरड छाटणी आणि गोडी छाटणी या दोन वेळांना मोठी प्रत, आणि फवारणीच्या नोंदी चालू असतील त्या महिन्यांत दर आठवड्याला छोटी. निर्यातीच्या मालाला कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं, ही नोंद मागाहून आठवून लिहिता येत नाही.

आता मराठी. या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगतो.

बहुतेकांना वाटतं की मराठी टाइप करायला काहीतरी विकत आणावं लागतं. लिनक्सवर मराठी आधीपासून असते, तिला फक्त जागं करायचं. सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट हा भाग उघडा, ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’वरची खूण काढा, आणि नवीन लेआउट जोडताना भारतीय यादीतला ‘मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ घ्या. तो सापडला नाही तर हिंदीचा घ्या, त्यातही ळ आणि ऱ आहेत. तिथेच इंग्रजी-मराठी बदलण्यासाठी कळांची जोडी ठरवा. मी ऑल्ट आणि शिफ्ट सुचवेन.

इनस्क्रिप्ट हा कळपाट १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला आणि पुण्याच्या सी-डॅकने तो देशभर रुजवला. त्याची रचना एकदा कळली की विसरत नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या जागी क, शिफ्ट धरून ख. ‘आय’वर ग, शिफ्ट धरून घ. पाय मोडायची कळ ‘डी’वर. वणी लिहायचं तर ‘बी’ दाबून व, शिफ्ट धरून ‘सी’ दाबून ण, आणि ‘आर’ दाबून दीर्घ वेलांटी. तीन कळा, तीन अक्षरचिन्हं. रोज अर्धा तास दिला तर महिनाभरात हात बसतो. आणखी एक फायदा आपल्या भागाला विशेष उपयोगाचा आहे. वणीवरून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता पुढे गुजरातेत उतरतो, वणीच्या गडावर गुजरातचे भाविक येतात, इथल्या मालाचे गिऱ्हाईकही तिकडचे असतात. इनस्क्रिप्टमध्ये गुजराती क त्याच कळेवर आहे जिथे मराठी क आहे. गुजराती लेआउट जोडला की दुकानाची पाटी किंवा दरपत्रक गुजरातीत टाइप करायला वेगळं शिकावं लागत नाही.

‘शेतकऱ्याचा’ हा शब्द हमखास चुकतो. अर्जावर तो ‘शेतकर्याचा’ असा रफार चढून छापला जातो आणि वाचताना डोळ्यांना खुपतो. त्याला साधा र चालत नाही, नुक्त्याचा ऱ लागतो. शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’ने पाय मोडा, मग प्रश्नचिन्हाच्या कळेवरचा य आणि ‘ई’वरचा काना. ऱ्या तयार. सोऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, कांदा व्यापाऱ्यांकडून, सगळीकडे हेच. मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

ज्यांना फोनसारखं रोमन अक्षरांत लिहून मराठी हवं आहे, त्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि त्याचा एम१७एन हा भाग बसवावा. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय मिळतात. त्याला माझी हरकत नाही. पण ज्याला रोज दोन-चार पानं टाइप करायची आहेत, सेवा केंद्र चालवायचं आहे किंवा ग्रामपंचायतीत काम करायचं आहे, त्याने इनस्क्रिप्टच शिकावं. रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला हात मोडायचा नसेल तर एम१७एनमध्ये तीही आहे.

फॉन्टचा प्रश्न नीट समजून घ्या, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सरकारी पत्रं मंगल फॉन्टमध्ये येतात. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट असल्यामुळे तो लिनक्ससोबत येत नाही, त्याच्या जागी लोहित किंवा नोटो दिसतो. मजकूर शंभर टक्के बरोबर वाचता येतो, फक्त ओळी थोड्या सरकतात. याची चिंता नको. छापायला आणि वाचायला मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हे फॉन्ट मोफत आहेत. फाइल उतरवून तिच्यावर दोनदा क्लिक केलं की बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली. त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती लिनक्सची चूक नाही. त्या फाइलींत मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांवर मराठीचे आकार चिकटवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच दिसतं. अशा फाइली एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पुढे नवीन काही जुन्या फॉन्टमध्ये करू नका.

लिब्रेऑफिसमध्ये एक सेटिंग राहून जातं. टूल्स, ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेसचा भाग. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगवेगळा धरतं. हे माहीत नसलं की माणूस शीर्षक मोठं करायला जातो, इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी तसंच राहतं. त्याच वेळी प्रदेश ‘भारत’ आहे का ते बघा. अमेरिका राहिलं असेल तर कागद ए४ऐवजी लेटर धरला जातो आणि छापताना पानाचा तळ कापला जातो. इंग्रजीसाठी ‘इंडिया, विथ रुपी’ हा लेआउट घेतला तर उजवी ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह मिळतं, बिलांना ते लागतंच.

प्रिंटरचं गणित कंपनीवर अवलंबून आहे, म्हणून लिनक्स टाकण्याआधीच प्रिंटरवरचं मॉडेल वाचून ठेवावं. एपसनची शाईच्या टाकीची एल मालिका सहसा तार जोडताच ओळखली जाते. एचपीसाठी लागणारं एचपीलिप मिंटमध्ये आधीच असतं, पण लेसरजेट १०२० किंवा पी१००७ यांसारख्या जुन्या छोट्या मॉडेलांना कंपनीचा एक जादा भाग नेटवरून उतरवावा लागतो. तो उतरवेपर्यंत प्रिंटर यादीत दिसतो, काम स्वीकारतो आणि कागद मात्र हलत नाही. एचपीचं टूलबॉक्स उघडून तो भाग बसवला की छपाई सुरू होते. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या कचेऱ्यांत सर्रास दिसतो, तो सगळ्यांत हट्टी आहे. त्याला कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो नवख्याने बसवण्यासारखा नाही. जाणकाराला बोलवा. आज नवीन प्रिंटर घेत असाल तर वायफायवरून ड्रायव्हरशिवाय छापणारा घ्या. स्कॅनिंगसाठी डॉक्युमेंट स्कॅनर हे साधं साधन यंत्रात असतं.

सातबाऱ्याची डिजिटल सहीची पीडीएफ लिनक्सवर व्यवस्थित उघडते आणि छापली जाते. सहीपुढे हिरवी खूण दिसली नाही म्हणून उतारा खोटा ठरत नाही. ज्याला खात्री हवी आहे त्याने शासनाच्या संकेतस्थळावर उताऱ्यावरचा क्रमांक टाकून पडताळावा. महाभूलेख, व्हॉट्सॲप वेब, बँक अशा रोजच्या साइटींना मिंटच्या वेब ॲप्स या साधनातून मेनूत वेगळं चिन्ह देता येतं. घरातल्या मोठ्या माणसांना याने फार सोपं जातं.

सुरक्षेचं थोडक्यात. फायरवॉल बंद असते, मेनूतून उघडून चालू करा, एका बटणाचं काम आहे. अँटिव्हायरस विकत घेऊ नका. लोकांच्या पेन ड्राइव्हमधून येणारे शॉर्टकटचे व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत. सॉफ्टवेअर फक्त सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. तिथे एकाच प्रोग्रामचे दोन प्रकार दिसले तर साधा प्रकार निवडा, फ्लॅटपॅक बराच जास्त डेटा आणि जागा खातो. कुठल्या व्हिडिओत दाखवलेली आज्ञा समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका. मुलांसाठी वेगळं, प्रशासकाचे अधिकार नसलेलं खातं काढा. मुख्य पासवर्ड घरातल्या डायरीत लिहून ठेवा, कारण तो विसरल्यावर होणारी धावपळ सगळ्यांनाच महागात पडते.

काही कामं लिनक्सवर होत नाहीत, हेही आधीच सांगायला हवं. टॅली विंडोजवरच चालतं. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीचे टोकन यांचं प्रत्येक मॉडेल वेगळं वागतं. सेवा केंद्र चालवणाऱ्याने विक्रेत्याकडून लिनक्सच्या ड्रायव्हरची खात्री करून घ्यावी आणि तोवर एक यंत्र विंडोजवर ठेवावं. एमएस-सीआयटीच्या विद्यार्थ्यांनी वर्गात शिकवलेलं वर्गातच सरावावं, लिब्रेऑफिसमध्ये मेनू वेगळे आहेत. घरच्या, शेतीच्या, अभ्यासाच्या आणि बहुतेक दुकानांच्या कामाला मात्र लिनक्स पुरून उरतं. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुलं संगणक लिनक्सवरच शिकताहेत.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, मग रॅम आठ जीबी करा. जुन्या यंत्राला याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

पुढचं शिकण्यासाठी इंग्रजीवर अडून राहायचं कारण नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात, मोफत दिले आहेत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. शेजारी लॅपटॉप उघडून, थांबवत थांबवत पाहावा.

मिंट २२च्या मालिकेला २०२९पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. तोवर नवीन काही टाकायची गरज नाही, ढालीचं चिन्ह सांगेल तेवढं करत राहा. आणि एक विनंती आहे. तुमचं यंत्र नीट चालू लागलं की कोणता प्रिंटर, कोणता ड्रायव्हर, कोणता लेआउट हे एका कागदावर लिहून ठेवा, आणि गल्लीतल्या ज्या मुलाचा लॅपटॉप ‘जुना झाला’ म्हणून कपाटात पडला आहे, त्याच्याकडे तो कागद घेऊन एक दुपार बसा.